पिवळ्या गाडीतला गारवा

"मिस्त्री कुठं गेले?"

सकाळपासून हा प्रश्न वैजयंतीनं तिसऱ्यांदा ऐकला, आणि तिसऱ्यांदा तिच्या हातातला पाना जरा जास्तच जोरात पत्र्यावर आपटला. जिंतूर रोडवरच्या त्या कार एसीच्या दुकानात गेली सहा वर्षं हात काळे करत होती ती. वडील भीमाशंकर कंबरेच्या दुखण्यानं बेजार. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याला हात जोडून 'शरणार्थी' असा नमस्कार करायचे. तरी लोक आत येत, तिला ओलांडून बघत आणि मिस्त्रीला शोधत.

"मिस्त्री हितंच हाय!" ती गाडीखालूनच ओरडली. "डोळे असतील तर दिसंल."

"आवं, निसते पाय दिसायलेत," बाहेरचा आवाज शांतपणे म्हणाला. "पायाला कसं इचारावं माणसानं, की तुमीच मिस्त्री का म्हनून?"

ती सरकत बाहेर आली. समोर एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, केस कपाळावर ओले, आणि एवढं होऊनही ओठांवर हसू. त्याच्यामागं एप्रिलच्या उन्हात एक पिवळीधमक गाडी उभी होती. दोनच दारं, लांब नाक, मागची काच उतरती, आणि जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. असली गाडी परभणीत तिनं कधी पाहिली नव्हती.

"कूपे हाय. जपानी. पस्तीस वर्षांची," तो कौतुकानं म्हणाला. "हैदराबादच्या मामानं दिली. पळती लय भारी… पण एसी न्हाई. मागच्या काचा उघडत न्हाईत. चारठाण्याहून हितं येईपर्यंत माणूस उकडून निघतंय बगा."

"मंग घेतली कामून?"

"दिसायला छान हाय म्हनून."

"निसतं दिसणं बघून घेतेत का?"

"काही काही बाबतीत… बघितल्यावर दुसरं काही सुचतच न्हाई," तो म्हणाला, आणि गाडीकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

वैजयंतीचे कान तापले. तिनं ते उन्हाच्या नावावर टाकलं आणि चिडून बोनेट उघडलं. आत इंजिनाच्या भोवती बोट शिरायला जागा नव्हती. कॉम्प्रेसर कुठं टांगायचा? आणि नळ्या आत डॅशबोर्डखाली न्यायच्या तर मधल्या पत्र्याला दोन भोकं पाडल्याशिवाय इलाज नव्हता. तिनं तसं सांगितलं.

"भोकं? न्हाई. बिलकुल न्हाई. मामानं पस्तीस वर्षं या गाडीला ओरखडा येऊ दिला न्हाई."

"मंग नळ्या कुठून नेऊ? तुमच्या खिशातून?"

"ते तुमी ठरवा. मिस्त्री तुमी हाव." तो क्षणभर थांबला. "चार दुकानं फिरून आलो. कुणी बोनेटसुद्धा उघडलं न्हाई… निसते हसले."

बस. त्या एका वाक्यानं तिचा राग दुसरीकडे वळला. त्या चारही दुकानांना ती ओळखत होती. गाडी बघून हसणारे ते चौघं, सहा वर्षांमागं तिच्या हातात पाना बघूनही असेच हसले होते.

"ठेवा गाडी," ती म्हणाली. "भोक न पाडता बसवून दावते."

"वैजू," भीमाशंकर खुर्चीतून म्हणाले, "नको त्या नादाला लागू नको."

पण ती लागली. आणि त्याच दुपारी झरीचे बन्सीधर शेठ दुकानात आले, म्हणून नाद आणखी वाढला.

शेठचे नऊ हार्वेस्टर होते. सगळ्यांच्या केबिनी उन्हात भट्टीसारख्या तापायच्या, ड्रायव्हर टिकत नव्हते, आणि शेठना नऊच्या नऊ केबिनींत एसी हवे होते. या कामावर वैजयंतीचं सगळं अडलेलं होतं. शेजारच्या टायरवाल्याला दुकानाची जागा पाहिजे होती, आणि भीमाशंकरांनी लेकीला सरळ सांगून टाकलं होतं की शेठचं काम मिळालं तर दुकान तुझ्या नावानं, न्हाईतर ज्येष्ठ लागला की जागा टायरवाल्याची. त्यांना आता कसली दगदग नको होती.

शेठनी पिवळ्या गाडीभोवती एक फेरी मारली. "या खेळण्यात एसी बसतोय?"

"बसवणार हाय मी."

"बसव मंग. अन् भर दुपारी मला यात बसवून झरीपर्यंत ने. कपाळावर घामाचा एक थेंब जरी आला न्हाई, तर केबिनी तुझ्या. आला, तर मी अन् तुझा बा, दोघं मिळून टायरवाल्याकडं चहा पितो."

वैजयंतीनं होकार दिला. गाडीच्या मालकाला मात्र ती यातलं अक्षरही बोलली नाही. गिऱ्हाइकाची गाडी आपण पैजेवर लावली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

मालकाचं नाव विरेश. कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रात करारावर कामाला होता. रोज दुपारी किती तापलं, ते टिपून ठेवायचं.

"एवढ्याचा पगार देतेत?" ती म्हणाली. "दारात उभी राहून मी फुकट सांगितलं असतं. लय तापलंय."

"लय म्हंजे किती, ते लिहावं लागतंय ना."

"माझ्या डोक्यापेक्षा जरा कमी. लिवा."

तो खो खो हसला. रोज काम संपवून तो दुकानात येऊ लागला. त्यानं खांबाच्या अलीकडं यायचं नाही, असा तिचा दंडक होता, म्हणून खांबाला टेकून उभा राही. पहिल्या दिवशी त्यानं उसाचा रस आणला, तर बर्फ टाकला म्हणून ती करवादली. दुसऱ्या दिवशी बिनबर्फाचा आणला, तर कोमट आहे म्हणून. तिसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातानं आला, आणि सगळ्यात जास्त राग तिला त्या दिवशी आला.

गाडीही तिच्यासारखीच हटवादी निघाली. एका भंगारातल्या छोट्या गाडीचा कॉम्प्रेसर तिनं मिळवला. त्याचं ब्रॅकेट तीनदा बनवलं आणि तीनदा फेकून दिलं, चौथ्यांदा पुली एका रेषेत आली. पण पत्र्याचा प्रश्न तसाच. आणि एका दुपारी, डॅशबोर्डखाली उताणी पडून दिवा धरलेला असताना, तिला एक काळा डबा दिसला. त्याच्या दोन नळ्या पत्र्यातून आरपार इंजिनाकडे गेल्या होत्या.

"हीटर!" ती ओरडलीच. "आवं… परभणीत हीटर! कोणाला लागतोय? काढून टाकते. आयती दोन भोकं!"

विरेश दंडक विसरून खांब ओलांडून आत आला आणि दाराशी उकिडवा बसला. दोघं त्या धुळकट डब्याकडे बघून हसत सुटली. तिला इतकं हसताना भीमाशंकरांनीसुद्धा बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा आत बघितलं, आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

त्या दिवसापासून खांबाचा दंडक आपोआप मोडला. तो दिवा धरायचा, ती नट आवळायची.

"दोन पाने कामून लागतेत?" त्यानं एकदा विचारलं.

"एकानं धरायचं, एकानं फिरवायचं. एकट्या पान्यानं जोर लावला तर नटासंगं नळी पिळती. अन् पिळली की चिरती." तिनं मान वर केली. "काय बघायलाव?"

"गालाला ग्रीस लागलंय तुमच्या."

"कवापासून?"

"चार वाजल्यापासून."

"अन् आता सहा वाजलेत! सांगता येत न्हाई?"

"सांगितलं असतं तर… पुसलं असतं तुमी."

तिनं बाहीनं गाल इतक्या जोरात पुसला की लाल झाला.  त्यानं दिवा पुन्हा नळीवर धरला.

मे महिना लागला. नळ्या जोडून झाल्या. तिनं पंपानं आतली हवा ओढून ठेवली, आणि दुसऱ्या सकाळी मीटर बघितला, तर काटा तसूभर हलला नव्हता, म्हणजे गळती कुठंच नव्हती. मग गॅस भरला. डॅशबोर्डखालून गार वाऱ्याचा झोत आला, आणि विरेशनं डोळे मिटून त्यात चेहरा धरला.

"वैजयंतीबाई," डोळे न उघडता तो म्हणाला, "मला धारवाडला कायमची नोकरी लागली. येत्या सोमवारी निघायचंय."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. बारा दिवस हा माणूस रोज इथं उभा होता, आणि ही गोष्ट आज सांगतोय? राग उसळून वर आला. इतका, की डोळ्यांपर्यंत पोचला.

"बरं हाय," ती म्हणाली.

"काही बोलायचं न्हाई तुमाला?"

"बोलायचंय ना. काम पक्कं केलंय. पाच वर्षं या गाडीला हात लावायला लागायचा न्हाई."

"पाच… वर्षं?" त्याचा चेहरा एकदम उतरला.

"उद्या एक वाजता घेऊन या. शेवटचं बघून देते."

तो गाडी घेऊन चारठाण्याला गेला, आणि ती कारण नसताना भीमाशंकरांवर खेकसली.

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला बन्सीधर शेठ हजर झाले. पाठोपाठ पिवळी गाडी आली. विरेश उतरला, उजव्या हाताच्या दोन बोटांना रुमाल गुंडाळलेला.

"बोटाला काय झालं?"

"दारात… सापडलं." त्यानं हात मागं घेतला. "वैजयंतीबाई, जरा सांगायचं होतं. एसी—"

"नंतर!" वैजयंतीनं त्याला मधेच तोडलं; शेठ दार उघडून आत बसतसुद्धा होते. "मला गाडी नीट चालवून बघायचीय. तुमी हितंच थांबा. एक शब्द बोलू नका."

"पण आवं, ऐका तरी—"

ती गाडी घेऊन निघून गेलीसुद्धा.

पहिल्या वळणावरच तिच्या लक्षात आलं. झोत येत होता, पण गरम. तिनं बटण फिरवलं, पुन्हा फिरवलं. उतरत्या काचेतून ऊन थेट मानेवर येत होतं. शेठनी आधी टोपी काढली, मग वरचं बटण उघडलं, आणि मग एक जाडसा थेंब त्यांच्या भुवईवरून ओघळून नाकावर आला.

"वळव पोरी," ते म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "हट्ट चांगला हाय तुझा. पण हे काम न्हाई."

दुकानात परतल्यावर भीमाशंकरांनी लेकीच्या तोंडाकडे बघितलं. शेठ त्यांच्याशी दोन शब्द बोलून निघून गेले. वैजयंतीनं बोनेट उघडलं. गॅस आपोआप संपत नसतो, तो गळतो. आणि तिनं जोडलेल्या नळ्यांतून गळत नसतो. मग गेला कुठून?

पत्र्याजवळच्या नटाभोवती तेल ओघळलं होतं. नटाच्या कडा झिजल्या होत्या, भलत्याच पान्यानं ओरबाडल्यासारख्या. आणि नळी… नळी पिळलेली होती. मुळाशी केसाएवढी चीर.

ती सावकाश वळली. विरेश खांबाशी उभा होता.

"रुमाल सोड."

"वैजयंतीबाई—"

"सोड म्हंते ना!"

त्यानं सोडला. दोन्ही बोटांवर पांढरट फोड. नट उघडताना सुटलेल्या बर्फगार गॅसनं भाजलं की असाच फोड येतो. पहिल्या वर्षी तिच्याही बोटांवर आला होता.

"मीच केलं," तो हळूच म्हणाला. "थोडासाच ढिला करायचा होता. महिन्या-दोन महिन्यांनी गार करायचं थांबलं असतं… अन् मला धारवाडहून हितं यायला निमित्त झालं असतं. तुमी पाच वर्षं म्हणालाव… पाच वर्षं कसं ऱ्हायचं मी? पण गॅस फस्सदिशी सुटला, घाबरून एकाच पान्यानं आवळला, अन्—"

"अन् माझं दुकान घालवलंस तू!"

रागाच्या भरात ती मघापासून त्याला पहिल्यांदाच तू म्हणत होती, आणि ते दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं. शेठच्या केबिनी, पैज, टायरवाला, ज्येष्ठ… सहा वर्षं, मिस्त्री कुठंय म्हणून विचारणारे ते सगळे लोक. बोलताना तिचा आवाज फाटला. "आता गावभर होईल की बाईच्या हाताचं काम एक दिवस टिकलं न्हाई. तुझ्या निमित्तापायी! सरळ तोंडानं बोलता आलं नसतं?"

विरेशचा चेहरा पांढराफटक पडला. "मला… मला हे कोणी सांगितलं न्हाई."

"निघ हितून."

तो गाडी तिथंच ठेवून, उन्हात चालत निघाला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. म्हणजे कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होती, मग नव्हती.

संध्याकाळी तिनं नळी बदलली. रडत रडतच, पण दोन्ही पाने धरून. नादुरुस्त गाडी तिच्या दुकानातून बाहेर पडणार नव्हती, मग ते दुकान आणखी पंधरा दिवसच का असेना. सकाळी काटा बघितला. हलला नव्हता. तिनं गॅस भरला आणि किल्ली खिळ्याला अडकवली.

बारा वाजता शेठची जीप दारात येऊन थांबली. शेठ उतरले, आणि त्यांच्या मागून विरेश. अंगात कालचाच शर्ट.

"भीमाशंकरआप्पा," शेठ म्हणाले, "हे बेणं काल दुपारी चालत झरीला आलं. या उन्हात! माझे नऊ ड्रायव्हर चहा पीत बसलेले. तेंच्यासमोर उभं ऱ्हाऊन जे बोललं… आता हितं बोल रे. जसं तिथं बोललास तसंच."

विरेशनं वैजयंतीकडे बघितलं, मग भीमाशंकरांकडे, मग जमिनीकडे.

"एसी त्यांच्या हातून बिघडला न्हाई," तो म्हणाला. "नट मी ढिला केला. पुन्यांदा हितं यायला मिळावं म्हनून. मला… मला त्या आवडतेत. लय आवडतेत. पण ते सांगायची हिंमत झाली न्हाई, म्हनून नटाला हात लावला. चूक माझी हाय. काम त्यांचं एक नंबर हाय."

  राग कुठला आणि बाकीचं कुठलं, ते वैजयंतीचं तिलाच कळेना.

भीमाशंकरांनी घसा खाकरला. "चारठाण्याला घर कोणाचं म्हणालाव तुमचं?"

"आप्पा!" वैजयंती ओरडली. तिनं खिळ्यावरची किल्ली हिसकली. "शेठ, बसा गाडीत. काल एक दिवस गेला माझा, आता आणिक घालवू नका. अन् तुमी," विरेशकडे बोट करून, "मागं बसा. ज्यानं बिघडवलं त्यानं बघावं डोळ्यांनी."

कूपेचं मागचं बाक म्हणजे नावाला बाक. विरेश गुडघे हनुवटीला टेकवून कसाबसा आत मावला. वैजयंतीनं गाडी रस्त्याला घातली. पहिल्या वळणावर झोत आला, थंडगार. दुसऱ्या मैलाला शेठनी हात झोताच्या वाटेतून मागं घेतला. झरीची कमान दिसायला लागली, तेव्हा त्यांनी खांद्यावरचा गमछा काढून कानांभोवती गुंडाळला होता.

"बस कर पोरी! सर्दी होती मला." उतरताना त्यांनी कपाळावरून तळहात फिरवून तिच्यापुढं धरला. कोरडा ठणठणीत. "मंगळवारी पहिली केबिन लावून देतो. अन् आप्पाला सांग, टायरवाल्याकडचा चहा ऱ्हाऊ दे."

ते गेले. वैजयंती स्टिअरिंग धरून तशीच बसली. दुकान राहिलं… तिचं राहिलं. डोळे भरून आले आणि तिनं ते मुद्दाम पुसले नाहीत.

"मी पुढं येऊन बसू का?" मागून दबका आवाज आला. "पायाला मुंग्या आल्यात."

"येऊ द्या मुंग्या."

तरी थोड्या वेळानं तिनं पुढचं आसन वाकवलं. तो पुढं येऊन बसला. गाडी परभणीकडं लागली. दोन्हीकडं नांगरून टाकलेली काळी रानं तापत होती, आणि आत मात्र तिच्या हातांवर काटा येईल इतका गारवा होता. तो तिच्याकडं बघत होता, ती रस्त्याकडं.

"राग हाय अजून?"

"हाय. जाणार न्हाई एवढ्यात."

"तेवढ्यात मी धारवाडला पोचलेला असंन."

"पोचा की."

"मंग… पुन्यांदा यायला मला कारण काय?"

तिनं करकचून ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली थांबली.

"कारण लागतंय का तुला? नऊ ड्रायव्हरांसमोर बोलतोस, माझ्या बापासमोर बोलतोस, अन् मला एकटीला सांगायला तोंड न्हाई? बारा दिवस समोर उभी होते मी! मला कळत न्हाई का, बिनबर्फाचा रस कोन कोनाला आणतंय ते? मलाही…" ती अडखळली. आवाज एकदम बारीक झाला. "मलाही ऱ्हायचं न्हाई पाच वर्षं. पाच महिनेसुदिक न्हाई. यायचं तर सरळ ये. तुझ्या आईला घेऊन ये, घरी, चारचौघांसारखा."

 मग त्यानं फोड आलेला हात तिच्या हाताशेजारी, स्टिअरिंगवर ठेवला. तिनं तो झटकला नाही.

"कवा येऊ?"

"सोमवारी दुकान बंद असतंय. आप्पा घरीच असतेत."

"सोमवारी तर मला निघायचंय ना. रविवारी आलो तर? पण… रविवारी दुकान चालू असतंय तुमचं."

वैजयंतीनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

"दुकान माझं हाय," ती म्हणाली. "बंद ठेवीन मी."